मेल सर्व्हरचं म्हणणं ऐकायला लावणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

आमच्या वाचनालयाच्या सभासदांना वर्गणीची पावती आता ईमेलने जाते, आणि मराठीत जाते. कार्यकारिणीच्या बैठकीत त्याबद्दल माझं कौतुक झालं. त्यातलं बरंचसं तुमचं आहे, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे.

तुम्ही एका मोठ्या संस्थेचे मेल सर्व्हर, म्हणजे ईमेलची ने-आण करणारे संगणक, सांभाळता, रात्रीअपरात्री तुम्हाला फोन येतात. तरीही, पावत्या पाठवणारा प्रोग्राम अडला तेव्हा ओळखीच्या ओळखीतून आलेला माझा फोन तुम्ही उचललात. पहिला प्रश्न विचारलात, "सर्व्हर काय म्हणतोय?" सर्व्हर काही म्हणतो आणि ते आपल्याला वाचता येतं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या, ईमेल पाठवण्याच्या एसएमटीपीलिब या साधनात जोडणी करण्याआधीच डीबगची पातळी १ करायला तुम्ही सांगितलंत, म्हणजे अगदी पहिल्या ओळीपासून सगळा संवाद दिसतो. सर्व्हर २२० म्हणतो, म्हणजे मी तयार आहे; आपला प्रोग्राम एहलो म्हणतो, म्हणजे नमस्कार. मग पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, प्रत्येकाला २५० असा होकार. डेटा म्हटलं की ३५४, म्हणजे मजकूर द्या. मजकूर संपला की ओळीवर एकटं टिंब. जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये आरएफसी ८२१ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात ही रीत लिहून ठेवली. पुढे तिच्यात भर पडली, पण गाभा तोच राहिला. इतकं साधं काहीतरी एवढी वर्षं जगाचं टपाल वाहतंय, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

आमच्याकडे मात्र २२० सुद्धा येत नव्हतं. वाट बघून बघून जोडणी तुटायची. २५ क्रमांकाचं पोर्ट, म्हणजे सर्व्हरचं एक दार, सर्व्हरने सर्व्हरला टपाल देण्यासाठी असतं, आणि स्पॅम रोखायला अनेक होस्टिंग कंपन्या ते बाहेरच्या बाजूने बंद ठेवतात, हे तुम्ही लगेच ओळखलंत. प्रोग्रामने ५८७ वर जाऊन स्टार्टटीएलएस करायचं, म्हणजे टीएलएसने पुढचा संवाद कूटबद्ध करायचा, किंवा ४६५ वर पहिल्यापासूनच टीएलएसने बोलायचं, मग नाव आणि पासवर्ड द्यायचा. पत्र खरंच आमच्याकडूनच आलंय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदीही तुम्हीच तपासून दिल्यात.

पण मला सगळ्यात जास्त आभार मानायचे आहेत ते विषयाच्या ओळीसाठी. जुना प्रोग्राम इंग्रजी विषय नीट पाठवायचा, मराठीत मात्र मधलंच एखादं अक्षर फुटून तिथे प्रश्नचिन्ह यायचं. 'विषय इंग्रजीत ठेवा, काय बिघडतं,' असं मला इतर सगळ्यांनी सुचवलं होतं. तुम्ही वही काढायला लावलीत. 'ज्ञानेश्वर' हे आपल्या लेखी चार अक्षरांचं नाव. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत, हलन्त आणि मात्रा वेगळ्या धरल्या की दहा चिन्हं, आणि ती साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकाला तीन बाइट, म्हणजे तीस. ईमेलच्या शीर्षओळी मुळात साध्या इंग्रजी चिन्हांसाठी केलेल्या, म्हणून हे बाइट बेस६४ मध्ये, म्हणजे साध्याच चिन्हांच्या रूपात, गुंडाळून पाठवायचे. अशा एका तुकड्याला ७५ चिन्हांची मर्यादा. वेष्टणाची १२ वजा केली की ६३ उरतात. बेस६४ चारचाराने जातं, दर चार चिन्हांत तीन बाइट, म्हणून त्यातली ६० वापरता येतात. त्यात ४५ बाइट बसतात, म्हणजे देवनागरीची १५ चिन्हं. तुकडा नेहमी पुऱ्या चिन्हावरच तोडायचा, असा आरएफसी २०४७ चा नियम आहे. जुना प्रोग्राम बाइट मोजून कुठेही तोडत होता. पायथॉनमधला ईमेलमेसेज हा तयार भाग हे सगळं आपणहून करतो, हे तुम्ही शेवटी सांगितलंत. हिशेब आधी करायला लावलात, त्यामुळे तो मला कायमचा कळला. सभासदाचं नाव त्याच्या भाषेत शाबूत पोचलंच पाहिजे, हा तुमचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

आणखी एक. टिंबानंतर २५० आलं की मी नोंदवहीत 'पोचलं' लिहिणार होते. तुम्ही म्हणालात, 'सर्व्हरने स्वीकारलं' असं लिही. त्या २५० ने सर्व्हर फक्त जबाबदारी घेतो: पत्र पुढे देईन, नाही जमलं तर कळवीन. पुढच्या सर्व्हरने ४ ने सुरू होणारा आकडा दिला तर तो थांबून पुन्हा प्रयत्न करतो, कधी कधी चार-पाच दिवस. ५ ने सुरू होणारा आकडा आला तर पत्र परत येतं, आणि येतं ते पाकिटावरच्या पत्त्यावर, म्हणजे प्रोग्रामने सर्व्हरला सांगितलेल्या, पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर. तिथे तुम्ही वाचनालयाची वेगळी पेटी लावून दिलीत. ती मी रोज उघडते. ज्यांचं पत्र परत येतं त्यात वयस्कर सभासद बरेच असतात; त्यांना फोन करून पत्ता विचारून घेते.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. तुमच्या सांगण्यावरून केलेली टिपणं मी मराठीत लिहून प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवली आहेत, कारण पुढच्या वर्षी हे काम कॉलेजातली एक मुलगी बघणार आहे. त्यांची प्रत तुम्हाला धाडते आहे, कुठे कमी-जास्त वाटलं तर दुरुस्त करा. सोबत वाचनालयातर्फे यंदाच्या दिवाळी अंकांचा एक संच येईल. त्याला तरी नाही म्हणू नका.

आपली,
वाचनालयाच्या संगणकाचं काम बघणारी एक कार्यकर्ती