पोलीस चुकतात ते कुठल्या पानावर?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत त्या नव्या डिटेक्टिव्ह कादंबरीचं परीक्षण आलं होतं, ते वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितेय. परीक्षण करणाऱ्यांचं म्हणणं असं की कादंबरी जमलीये, शेवटपर्यंत खाली ठेववत नाही, पण पोलीस जरा अतीच चुकीचे दाखवलेत, एका माणसावर संशय बसला की त्यालाच धरून बसतात, उलटा पुरावा समोर आला तरी बघत नाहीत, आणि खऱ्या तपासात असं होत नसतं. बाकी सगळं पटलं, हे शेवटचं अजिबात पटलं नाही. खऱ्या तपासात हेच होतं आणि कितीतरी वेळा झालंय.

ऑस्कर स्लेटरची केस ज्यांना माहीत आहे त्यांना मी काय म्हणतेय ते लगेच कळेल. २१ डिसेंबर १९०८, स्कॉटलंडमधलं ग्लासगो. मिस गिलख्रिस्ट नावाची ऐंशी पार केलेली श्रीमंत बाई, मोलकरीण संध्याकाळचा पेपर आणायला बाहेर पडली आणि दहा मिनिटांत परत आली तेवढ्या वेळात बाईंचा खून झालेला. खालच्या मजल्यावरचे शेजारी आवाज ऐकून वर आले होते, खुनी त्यांच्या आणि मोलकरणीच्या समोरून शांतपणे चालत निघून गेला, आणि शेजाऱ्यांच्या डोळ्यांवर तेव्हा चष्मा नव्हता. बाईंकडे दागिने भरपूर, पण गेला फक्त हिऱ्यांचा एक ब्रोच. चार दिवसांनी पोलिसांना खबर लागली की स्लेटर नावाचा एक जर्मन ज्यू माणूस हिऱ्यांच्या ब्रोचची गहाणपावती विकायला बघतोय. झालं, माणूस सापडला. त्यात तो दुसऱ्याच दिवशी बोटीने न्यूयॉर्कला निघालेला, म्हणजे पळालाच असं सगळ्यांनी धरलं.

आता मुद्द्याची गोष्ट. तो ब्रोच वेगळाच होता, स्लेटरचा स्वतःचा, आणि खुनाच्या महिनाभर आधीच गहाण पडलेला. पोलिसांना हे लवकरच कळलं. ज्या एका धाग्यावरून ते या माणसापर्यंत आले तो धागाच तुटला, तर मग तिथे थांबून पुन्हा पहिल्यापासून विचार करायला हवा होता की नाही? पण तोपर्यंत ते त्याच्या मागे लागले होते. साक्षीदारांना न्यूयॉर्कला नेलं, त्याआधी त्याचा फोटो दाखवला. तो स्वतःहून परत यायला तयार झाला (खरा खुनी येईल का हो असा?) तर त्याचंही कुणाला काही वाटलं नाही. ग्लासगोत ओळख परेड घेतली तेव्हा त्याच्यासोबत उभे केलेले बहुतेक साध्या कपड्यातले पोलिसच, म्हणजे परक्या चेहऱ्याचा तो एकटा.

मे १९०९ मध्ये खटला. ज्युरीत १५ जण, त्यातले ९ दोषी म्हणाले, ५ म्हणाले सिद्ध झालं नाही (तिकडे तेव्हा हाही एक निकाल होता), एक निर्दोष म्हणाला, आणि तिकडे तेव्हा साधं बहुमत चालत असल्यामुळे फाशी. फाशीला दोन दिवस उरलेले असताना जन्मठेप केली. अठरा वर्षांहून जास्त काळ तो माणूस तुरुंगात होता.

हे सगळं मी एवढं लांबण लावून सांगतेय कारण यात कुणी खलनायक नाही. पैसे खाऊन कुणी गोवलं असं नाही. एकदा वाटलं हाच, की मग पुढचं सगळं 'हाच' कसा हे दाखवण्यासाठीच गोळा होत गेलं, जे जुळतं ते फाइलमध्ये, जे जुळत नाही ते 'बघू नंतर'. आणि ज्या कादंबऱ्यांत पोलीस एकतर बावळट नाहीतर गुंड दाखवतात त्यांत हे कधीच येत नाही, कारण बावळट माणसाची चूक बघून आपण हसतो आणि गुंडाची बघून चिडतो, पण आपणही त्या खुर्चीत असतो तर हेच केलं असतं असं कधी वाटत नाही. या कादंबरीतला इन्स्पेक्टर मला म्हणूनच आवडला. तो प्रामाणिक आहे, रात्र रात्र जागतो, मेलेल्या मुलीच्या आईला दिलेला शब्द त्याला झोपू देत नाही, आणि त्या शब्दापायीच तो चुकतो. परीक्षणात त्याच्याबद्दल एक ओळ आहे फक्त. निदान एक पॅरा तरी हवा होता.

माझा स्वतःचा अनुभव सांगते, कारण त्याशिवाय मला हे इतकं का लागलं ते कळणार नाही. बारा वर्षांपूर्वी संध्याकाळी माझ्या डोळ्यांदेखत एका बाईंची पर्स बाइकवरून हिसकावून नेली. मी त्या मुलाला दोन, फार तर तीन सेकंद बघितलं असेल, डोक्यावर टोपी होती, उजेड कमी. मी साक्षीदार म्हणून नाव दिलं. तिसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात बोलावलं, अधिकारी अतिशय सभ्य, बसा ताई म्हणाले, चहा दिला, आणि मोबाइलवर एकच फोटो दाखवून विचारलं "हाच ना?" मी बराच वेळ बघितलं आणि म्हटलं "वाटतोय". त्यांनी लिहिलं की ओळखला. मी सही केली.

नंतर ओळख परेड झाली तेव्हा मी एका सेकंदात त्याच्याकडे बोट दाखवलं. सगळे खूश. घरी येताना रिक्षात बसल्यावर एकदम लक्षात आलं की मी त्याला डाव्या भुवईतल्या कापल्याच्या खुणेवरून ओळखलं, आणि ती खूण मी रस्त्यावर बघितलीच नव्हती, ती मी फोटोत बघितली होती. मी चोर ओळखला नव्हता, फोटो ओळखला होता. दुसऱ्या दिवशी जाऊन तसं सांगितलं तर अधिकारी म्हणाले, "ताई, असं होतं, टेन्शन घेऊ नका, माणूस बरोबर आहे." खोटं बोलत नव्हते हो, त्यांची खरंच खात्री होती, आणि ती खात्री थोडीफार माझ्या सहीवर उभी होती आणि माझी सही त्यांच्या फोटोवर. तो मुलगा दोन महिने आत होता, मग त्या संध्याकाळी तो कामावर होता हे सिद्ध झालं आणि सुटला. त्याच्या आईला मी एकदा ठाण्याच्या बाहेर पायरीवर बसलेलं बघितलं होतं, पिशवीत डबा होता. मला तिच्याशी बोलायचं धाडस झालं नाही, आजही तो डबा आठवतो.

म्हणून कादंबरीत साक्षीदार बाई पहिल्यांदा "वाटतोय" म्हणते आणि कोर्टात "शंभर टक्के हाच" म्हणते ते प्रकरण मी दोनदा वाचलं. परीक्षणात त्याला अतिशयोक्ती म्हटलंय. नाही हो, साहेब. असंच होतं, आणि आतल्या आत होतं, आपल्याला स्वतःला कळतसुद्धा नाही.

दुसरी तक्रार अशी होती की संशयित सुटायला कादंबरीत फार वेळ लागतो, मधली शंभर पानं रेंगाळतात. स्लेटरसाठी लढणाऱ्यांत खुद्द आर्थर कॉनन डॉइल होते, म्हणजे ज्यांचा होम्स बोटावरच्या डागावरून माणसाचा धंदा सांगायचा ते. त्यांनी १९१२ मध्ये या केसवर छोटं पुस्तक लिहिलं, एकेक पुरावा खोडून काढला, आणि काही झालं नाही. १९२५ मध्ये सुटलेल्या एका कैद्याने स्लेटरची चिठ्ठी तोंडात लपवून बाहेर आणली ती डॉइलपर्यंत गेली, त्यांनी पुन्हा जोर लावला, तेव्हा कुठे १९२७ मध्ये स्लेटर बाहेर आला आणि १९२८ मध्ये शिक्षा रद्द झाली. तीही न्यायाधीशांनी ज्युरीला चुकीची दिशा दिली या कारणावरून. नुकसानभरपाई ६,००० पौंड. सोळा वर्षं लागली डॉइलसारख्या माणसाला, मग कादंबरीतल्या साध्या वकिलाला शंभर पानं लागली तर काय बिघडलं?

आणि एक माणूस राहिला. ग्लासगोच्या पोलिसांतलाच जॉन ट्रेंच नावाचा डिटेक्टिव्ह. त्याचं म्हणणं होतं की मोलकरणीने त्याच रात्री दुसऱ्याच कुणाचं तरी नाव घेतलं होतं आणि ते दाबलं गेलं. त्याने कागदपत्रं बाहेर दिली, १९१४ मध्ये चौकशी बसली, चौकशीत काही निघालं नाही आणि ट्रेंचलाच नोकरीतून काढलं. स्लेटर सुटलेला बघायला तो उरला नाही, १९१९ मध्येच गेला. कादंबरीतल्या त्या हवालदाराचं पात्र परीक्षणात 'अविश्वसनीय' ठरवलंय, जो स्वतःच्या साहेबांच्या विरोधात जबाब देतो आणि बदली ओढवून घेतो. त्याच्यासाठी तेवढी दुरुस्ती छापाल का? जागा कमी असेल तर माझं बाकीचं पत्र कापा, ट्रेंचचा हा पॅरा मात्र ठेवा.

आपली,
एक नियमित वाचक