जिन्यातल्या दिव्यासाठी, वायरमनकाकांना

काका, सा. न. वि. वि.

पटांगणात आम्ही चौघांनी मांडलेला दिव्यांचा ‘जिना’ परवा उतरवला. बोर्डावर सुतारापासून चहावाल्यापर्यंत सगळे होते, तुमचं नाव तेवढं राहिलं. चूक माझी. म्हणून हे पत्र गिरगावच्या चार लोकांदेखत.

बेत साधा होता. चाळीतल्यासारखा लाकडी जिना उभारायचा, पायरीवर पाय पडला की ती उजळणार. लॅमिंग्टन रोडवरून ५ व्होल्टची एलईडी पट्टी आणली, सेन्सर बसवले. तर खालच्या पायऱ्या पांढऱ्याशुभ्र आणि वरच्या कावीळ झाल्यासारख्या! आम्ही दोन रात्री प्रोग्राममध्ये चूक शोधतोय. तुम्ही दूध आणायला निघाला होतात. पिशवी कोपरावर सरकवलीत, वायरला अंगठा लावलात आणि विचारलंत, “तापलीय ही. दिवे किती?”

मीटरला ६०, पाच मीटरचे ३००. एकेक दिवा पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअर खातो. तुम्ही उभ्याउभ्या हिशेब केलात, १८ अँपिअर. “आणि वायर केसाएवढी!” विजेचा दाब टोकापर्यंत पोचतच नव्हता, आणि दाब उतरला की पांढऱ्यातला निळा आधी मंदावतो, म्हणून पिवळं. तुम्ही जाड वायर ओढून पट्टीला दोन्ही टोकांनी आणि मध्ये सप्लाय दिलात, फाट्याफाट्यावर फ्यूज घातलात. पोरं हात लावणार म्हणून २३० व्होल्टचा डबा कुलपात. दूध त्या दिवशी बहुतेक काकूंनीच आणलं.

पण त्याहून मोठं काम पुढे झालं. सेन्सर बघून तुम्ही नाक मुरडलंत. “जिन्यात दिवा असा लागतो होय? खाली एक बटण, वर एक बटण.” टू-वे, जिन्याचं वायरिंग. खालून लावा, वरून घालवा. दुसऱ्या दिवशी लोहार चाळीतून दोन काळी गोल बटणं घेऊन हजर. (त्यांचे पैसे अजून घेतलेले नाहीत.)

मला ते जुनाट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. मग पहिल्याच संध्याकाळी वर एक आजी आणि खाली कुणाचा तरी मुलगा. ओळख ना पाळख. टक्, त्याने लावला. टक्, आजींनी घालवला. पाच मिनिटं हेच. शेवटी आजी वरून ओरडल्या, “अरे, बिल तुझा बाप भरणार का?” आणि स्वतःच परत लावला! खाली रांग हसतेय. सेन्सर असते तर जो तो आपली पायरी पेटवून, फोटो काढून चालता झाला असता.

बटणं मी जपून ठेवलीत. आपल्या खऱ्या जिन्यातलं वरचं बटण दोन वर्षं तुटलेलं आहे. रविवारी सकाळी वेळ असेल तर यातलं एक तिथे बसवू. शिडी मी धरते.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची