लघवीच्या गोळ्या आणि अर्धवट सल्ला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या आरोग्य पानावरचा लघवीच्या गोळ्यांवरचा लेख वाचला. सूज, मीठ, पोटॅशियम, सगळं नीट समजावलंय. खर्चाचा विषय आला आणि लेखकमहाशयांनी एका ओळीत निकाल लावला : जेनेरिक (ब्रँडऐवजी मूळ नावाने मिळणारं तेच औषध) घ्या. झालं! हे वाक्य दादर ते दहिसर कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर एकदा म्हणून बघावं.

चिठ्ठीवर ब्रँड लिहिलेला असेल तर केमिस्टला दुसरी गोळी परस्पर देता येत नाही. 1945च्या औषध नियमांत शेड्यूल एचच्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांसाठी तशी मनाईच आहे. म्हणजे पैसे वाचायचे ते डॉक्टरांच्या केबिनमध्येच. औषधाचं मूळ नाव लिहावं, असं 2016 पासून वैद्यक परिषदेच्या नियमांत स्पष्ट आहे. 2023च्या ऑगस्टमध्ये आणखी कडक नियम आला आणि महिना संपायच्या आत स्थगितही झाला. तेव्हा खुर्चीवरून उठायच्या आधी ‘डॉक्टर, सॉल्टचं (म्हणजे मूळ औषधाचं) नाव आणि मिलिग्रॅम लिहून द्या’ असं पेशंटनेच म्हणायचं.

बरं, जेनेरिक कशाचं? 40 मिलिग्रॅमची फ्युरोसेमाइड ही लघवीची गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, कमाल किंमत सरकारने बांधलेली. ती ब्रँडची घेतली तरी फार काही बिघडत नाही. खिसा कापला जातो टॉरसेमाइड या दुसऱ्या लघवीच्या गोळीला, आणि त्याहून जास्त ‘प्लस’ला, म्हणजे टॉरसेमाइड आणि स्पायरोनोलॅक्टोन एकत्र असलेल्या गोळीला.

या ‘प्लस’बद्दल लेखात चकार शब्द नाही. चिठ्ठीवर नुसतं ‘प्लस 10’ असतं. हा 10 टॉरसेमाइडचा. सोबतची स्पायरोनोलॅक्टोन 50 की 25, ते स्ट्रिपच्या पाठीवर मुंगीएवढ्या अक्षरांत. ‘प्लस 5’वाल्याला वाटतं आपली सगळीच मात्रा निम्मी, पण त्यातही स्पायरोनोलॅक्टोन 50 असू शकते. अशी चिठ्ठी जनऔषधी केंद्रात (सरकारी योजनेच्या स्वस्त जेनेरिक दुकानात) नेली की कधी फ्युरोसेमाइडची जोडगोळी पुढे येते, कधी नुसती टॉरसेमाइड. पहिलीत औषधच बदललं. दुसरीत पोटॅशियम धरून ठेवणारी गोळी, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोन, गळाली. सगळ्यात वाईट म्हणजे घरातली जुनी ‘प्लस’ चालूच आणि वर नवी सुटी स्पायरोनोलॅक्टोनही. पोटॅशियम चढलं की हृदयाचे ठोके बिघडतात, मग वाचवलेले पैसे आयसीयूत. म्हणून दोन सॉल्ट सुटे घेतले तर चालतील का, हे डॉक्टरांनाच विचारावं, चिठ्ठीवर दोन वेगळ्या ओळी लिहून घ्याव्यात, जुनी स्ट्रिप बाजूला काढावी आणि रक्तातलं सोडियम, पोटॅशियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन पुन्हा कधी तपासायचं तेही ठरवून घ्यावं. केंद्रात खेप घालण्याआधी ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर गोळी आणि किंमत दोन्ही दिसतात.

किंमत ताडताना भागाकार करावा. एक स्ट्रिप 10 गोळ्यांची, दुसरी 15ची. समोर ठेवलेली स्वस्त दिसते ती बऱ्याचदा 10ची असते. ‘जेनेरिकवर 70 टक्के सूट’ या पाट्यांना तर भुलूच नये. छापील किंमतच फुगवलेली असेल तर सूट कसली? शेवटी एका गोळीला किती पडले, तेवढंच बघायचं.

आता विषय निघालाच आहे तर आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. त्याआधीच्या मालावर नवं लेबल लावायची सक्ती नव्हती, पण बिल सुधारित दरानेच व्हायला हवं होतं. तरीही स्ट्रिपवर बोट ठेवून ‘छापलंय तेच’ म्हणणारे दुकानदार भेटलेच. कंपनीची सुधारित दरयादी मागितली की ‘ती सेठकडे आहे’, आणि सेठ नेमके जेवायला गेलेले.

आपला,
एक निवृत्त फार्मासिस्ट, परळ, मुंबई