जिनिंगमधली ‘विचित्र पिल्ले’ आणि त्यांच्याखालचा हाडांचा ढीग

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या जिल्हा पानावर, बंद पडलेल्या एका जिनिंगच्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या) माळ्यावर ‘माकडतोंडी, विचित्र पिल्ले’ सापडल्याची बातमी छायाचित्रासह प्रसिद्ध झाली. छायाचित्र स्वच्छ आहे आणि त्यातील पिल्लांत विचित्र असे काही नाही. ती गव्हाणी घुबडाची पिल्ले आहेत. २०१७ मध्ये विशाखापट्टणम येथील अशाच पिल्लांची चित्रफीत ‘परग्रहावरचे जीव’ म्हणून देशभर फिरली होती. त्या मानाने आपल्या वार्ताहराने संयम दाखवला, असेच म्हणायला हवे. परंतु बातमीच्या शेवटी आलेल्या दोन वाक्यांवर लिहिल्यावाचून राहवत नाही. पिल्लांच्या खाली हाडांचा आणि केसांचा ढीग आढळल्याने परिसरात भीती पसरली आहे, हे एक. आणि मालकांनी इमारतीचे झरोके तातडीने जाळी लावून बंद करण्याचे ठरवले आहे, हे दुसरे.

मी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालो. आमच्या गावाबाहेरही असेच एक जुने जिनिंग आहे आणि त्याच्या माळ्यावर गव्हाणी घुबडांची एक जोडी राहत असे. घुबड बसले की घर ओस पडते असे आपल्याकडे म्हणतात. आमच्या जिनिंगात क्रम उलटा होता, ते आधी ओस पडले आणि घुबडे मागाहून आली. निवृत्तीनंतर महिन्यातून दोनदा तेथे जायचे, घुबडांनी तोंडावाटे टाकलेल्या, खाली पडलेल्या केस-हाडांच्या गोळ्या गोळा करायच्या आणि घरी आणून त्यांत काय निघते ते वहीत उतरवायचे, असा माझा क्रम होता. पुढील मजकूर मुख्यतः त्या वहीच्या आधारे लिहीत आहे.

आधी पिल्लांविषयी. छायाचित्रातील सर्वांत मोठ्या पिल्लाला पंखांवर पिसे फुटली आहेत आणि सर्वांत धाकटे अजून कापसाच्या बोळ्याएवढे आहे, त्यावरून बातमीत ‘वेगवेगळ्या पक्ष्यांची पिल्ले एकत्र आली असावीत’ असा तर्क केला आहे. ती एकाच जोडीची आहेत. गव्हाणी घुबडाची मादी दोन-तीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते, मात्र उबवायला पहिल्या अंड्यापासूनच बसते. त्यामुळे महिनाभराने अंडी फुटू लागली की तीही त्याच अंतराने फुटतात आणि चार ते सात अंड्यांच्या घरट्यात थोरल्या-धाकट्यात दहा-पंधरा दिवसांचा फरक सहज पडतो. उंदीर मुबलक असले तर सगळी जगतात, नसले तर धाकटी मागे पडतात. बातमीत ज्याला ‘सापासारखा फूत्कार’ म्हटले आहे, तो याच पिल्लांचा भुकेचा आणि भीतीचा आवाज. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीही शिडीवरून दोन पायऱ्या खाली उतरलो होतो, हे कबूल करतो.

आता तो ढीग. घुबड उंदीर फाडून खात बसत नाही, शक्यतो सबंध गिळते. मांस पचते, केस, हाडे, दात यांची जठरात मोट बांधली जाते आणि काही तासांनी ती तोंडावाटे बाहेर टाकली जाते. शिक्रा किंवा ससाणा अशा दिवसा शिकार करणाऱ्या पक्ष्यांच्या पोटातील आम्ल तीव्र असते, त्यामुळे त्यांच्या गोळीत हाडे फारशी उरत नाहीत. घुबडाचे आम्ल त्या मानाने सौम्य, म्हणून त्याच्या गोळीत कवटी जशीच्या तशी मिळते. ताजी गोळी अंगठ्याएवढी, काळसर आणि वार्निश दिल्यासारखी चकचकीत असते. वाळली की राखाडी होते, आणि फार जुनी झाली की कसर लागून केस नाहीसे होतात व नुसती हाडे उरतात. जिनिंगमध्ये दिसला तो हाच ढीग. त्यात करणी-भानामतीचे काही नाही, शेजारच्या शेतांतील उंदरांचा तो हिशेब आहे.

हा हिशेब वाचता येतो. नाकाला रुमाल आणि हातात हातमोजे घालून गोळी कोमट पाण्याच्या वाटीत अर्धा तास भिजत ठेवावी, मग चिमट्याने आणि बाभळीच्या काट्याने केस अलगद सोडवावेत. माझ्या वहीतील एका डिसेंबरच्या सकाळची गोळी सांगतो. तिच्यातून चार कवट्या निघाल्या. तिघींचे पुढचे दात नारिंगी-पिवळे, पटाशीसारखे, त्यांच्यामागे मोकळी जागा आणि मग दाढा, हे उंदीर. चौथीचे तोंड लांब आणि निमुळते, दात पांढरे, बारीक, टोकदार, आणि मध्ये मोकळी जागा न सोडता सलग ओळीने लावलेले, ही चिचुंद्री. लोक चिचुंद्रीला उंदराचीच जात समजतात, परंतु ती कीटक खाणाऱ्या प्राण्यांच्या गटातली आहे आणि ते तिच्या दातांवर स्वच्छ लिहिलेले असते. तिच्या उग्र वासामुळे मांजर तिला मारते पण सहसा खात नाही, घुबडाला मात्र त्याची तमा नाही. त्या तीन उंदरांपैकी एकाच्या वरच्या पुढच्या दातांवर उभी खाच होती. अशी खाच असलेला आपल्या शेतांतला उंदीर म्हणजे जर्बिल, मोठ्या डोळ्यांचा आणि अंगापेक्षा लांब शेपटीच्या टोकाला काळा झुपका असलेला. रात्री गाडीच्या दिव्यांत बांधावरून उड्या मारत जातो तो. उरलेल्या दोन कवट्या लहान शेतउंदरांच्या होत्या.

वर्षभराच्या गोळ्या ओळीने मांडल्या की शेताचे वर्ष त्यांत दिसते. आमची जमीन काळी, भेगाळणारी. उन्हाळ्यात तिला हातभर खोल भेगा पडतात आणि मऊ केसांचा शेतउंदीर त्या भेगांचाच बिळासारखा वापर करतो. माझ्या वहीत एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या कवट्या सर्वांत जास्त आहेत. जूनच्या पावसाने भेगा मिटतात, पाणी आत शिरते, आणि पुढच्या गोळ्यांत तो अचानक कमी होऊन चिचुंद्री वाढते. मका आणि ज्वारी काढणीला आली की पुन्हा शेतउंदीर. केळीच्या बागांकडून छोटी घूस येते, जी ठिबकच्या नळ्या कुरतडते आणि बिळात धान्याची कोठारे करते. क्वचित एखादे वटवाघूळ, क्वचित चिमणी. कोंबडीचे पिल्लू मला एकदाही आढळले नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण घुबड कोंबड्या नेते हा आरोप प्रत्येक गावात ऐकू येतो.

ही माहिती पिंजरे लावून मिळवायची तर किती खटाटोप करावा लागतो, याचे उदाहरण आपल्याच भागातले आहे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये भारतातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा त्याची सुरुवात खानदेशातून झाली होती. सी. ए. क्रम्प हे संग्राहक येथे पिंजरे लावत फिरले आणि उंदीर, खार, चिचुंद्री असे प्राणी पकडून त्यांची कातडी व कवट्या स्थळ-तारखेच्या चिठ्ठ्यांसह त्यांनी पाठवल्या. आज आपण वाघ आणि बिबटे मोजतो, ते योग्यच आहे. पण ज्या लहान प्राण्यांवर साप, मुंगूस, रानमांजर, कोल्हे आणि घुबडे जगतात, त्यांची साधी हजेरी घ्यायलाही तालुक्यात कोणी नाही. ते काम घुबड रोज रात्री करते आणि सकाळी नोंद खाली टाकते. स्थळ तेच, तारीख आपण घालायची.

आता झरोक्यांविषयी, आणि येथे मला एक कटू अनुभव सांगावा लागेल. आमच्या गावातील जिनिंगच्या माळ्याला ऐन पिल्लांच्या दिवसांत तारेची जाळी ठोकण्यात आली. कोणी ठोकली हे महत्त्वाचे नाही. हेतू वाईट नव्हता, विष्ठेने माल खराब होतो एवढीच तक्रार होती. तिसऱ्या रात्री मी तेथून जात असता नर चोचीत उंदीर घेऊन जाळीवर आपटत होता आणि आतून पिल्लांचा आवाज येत होता. किल्लीसाठी दोन दिवस खेटे घातले. कुलूप उघडले तेव्हा माळा शांत होता. मी त्या दिवशी गोळ्या गोळा केल्या नाहीत, आणि वहीतील नोंदी तेथेच थांबल्या आहेत.

वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार घुबडांना संरक्षण आहे, त्यामुळे घरट्यासह कोंडणे हा निव्वळ निष्काळजीपणा राहत नाही. परंतु मला कायद्यापेक्षा व्यवहाराची बाजू मांडायची आहे. घुबड ठेवले म्हणजे शेतातले सगळे उंदीर संपतील, असे काही उत्साही मंडळी सांगतात. ते खरे नाही आणि तसे सांगून घुबडाचे भले होत नाही. शिकारी पक्षी भक्ष्य संपवत नसतो, त्याच्यावर जगत असतो. मात्र पिल्ले वाढत असताना एक जोडी रात्रीतून पुन्हा पुन्हा उंदीर आणते, आणि तो भार शेजारच्या शेतांवरून उतरतो. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत याच घुबडासाठी पेट्या लावतात. इस्राएलमध्ये १९८३ पासून शेतांत अशा पेट्या बसवल्या जात आहेत आणि पुढे त्या कामात जॉर्डनचे शेतकरीही सामील झाले. पेट्या कशासाठी, तर घुबडाला राहायला जागा मिळावी म्हणून. आपल्याकडे जागा आयती आहे आणि आपण ती बंद करतो आहोत.

बातमीत मालकांनी ‘उंदरांचा बंदोबस्त औषधाने करू’ असेही म्हटल्याचे दिसते. ब्रोमाडिओलोनसारखे रक्त पातळ करणारे औषध खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस जगतो, सुस्त होतो, उघड्यावर येतो. सुस्त उंदीर घुबडाला सर्वांत सोपा. अंधारात भक्ष्य शोधायला या पक्ष्याला डोळ्यांचीही गरज नसते. अमेरिकन जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी पूर्ण अंधाऱ्या खोलीत वाळक्या पानांवरून उंदीर सोडून हे दाखवून दिले होते, केवळ पानांच्या सळसळीवर घुबडाने तो अचूक धरला. त्याचे दोन्ही कान डोक्यावर वरखाली असतात आणि आवाज कोणत्या उंचीवरून येतो हे त्याला त्यातूनच कळते. अशा पक्ष्याने चार उंदीर आणले आणि चारही विषारी निघाले, तर ते विष त्याच्या यकृतात साठत जाते. माळ्यावर पिल्ले असेपर्यंत तरी त्या आवारात हे औषध टाकू नये.

आपल्या वार्ताहरामार्फत संबंधित मालकांना एवढे कळवावे, अशी विनंती आहे. बाहेर पडलेली पिल्ले असतील तर ती हातमोजे घालून पुन्हा माळ्यावर ठेवावीत. माणसाचा हात लागला म्हणून आईबाप पिल्ले टाकतात ही समजूत चुकीची आहे. पिल्लू जखमी असेल तर वन विभागाला कळवावे. छायाचित्रातील थोरले पिल्लू पाहता घरटे रिकामे व्हायला अजून महिना-दीड महिना लागेल, कारण ही पिल्ले सुमारे दोन महिन्यांची झाल्यावर नीट उडू लागतात. तोवर खालच्या मालावर एक ताडपत्री टाकली तर विष्ठेचा प्रश्न सुटेल, आणि ताडपत्रीवर पडलेल्या गोळ्या मालकांची हरकत नसेल तर मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

त्यानंतरही जाळी लावायचीच असेल, तर ती ठोकण्याआधी दिवेलागणीच्या सुमारास झरोक्याखाली अर्धा तास गप्प उभे राहावे, आणि आतून फूत्कार आला तर हातोडा त्या दिवशी परत न्यावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
ता. चोपडा, जि. जळगाव