मोटरीला नेमप्लेट असते, मग लॅपटॉपला का नको?

माननीय संपादक साहेब,
नमस्कार.

मी उद्यमबागेत मोटर वायंडिंगचं काम करतो, २६ वर्षं झाली, कॉम्प्युटरवाला नाही. तरी हे पत्र कॉम्प्युटरच्या प्रोसेसरबद्दल, म्हणजे आतलं सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपबद्दल आहे आणि आत्ताच लिहितोय कारण निकाल लागले की खानापूर, निपाणी, चिक्कोडीकडनं आईबाप पोरांना घेऊन बेळगावात लॅपटॉप घ्यायला येतात आणि दुकानातल्या पट्टीवर जे लिहिलंय त्याच्यावर भरवसा ठेवून पैसे मोजून जातात.

माझी बहीण जांबोटीकडं दिलीय. तिच्या मुलीला गेल्या वर्षी सिव्हिल डिप्लोमाला ॲडमिशन मिळालं, बहिणीनं दुधाच्या बिलातनं साठवलेले २२ हजार घेऊन शहरातल्या एका दुकानात लॅपटॉप घेतला, मला विचारलं नाही कारण मी कामात होतो आणि मला तरी तेव्हा काय कळत होतं. पट्टीवर लिहिलेलं ड्युअल कोअर (म्हणजे चिपमध्ये काम करणारे दोन भाग), २.८ गिगाहर्ट्झ (चिपची चाल), ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, विंडोज ११. बहिणीनं दुकानातल्या पोराला विचारलं, बाळा, हिला घराचे नकाशे काढायचेत, चालेल काय? तो म्हणाला, अक्का, टू पॉइंट एट आहे, आरामात चालतंय की.

पहिले दोन-तीन महिने चाललं पण, टायपिंग, पीडीएफ, सरांनी पाठवलेले व्हिडिओ. मग ऑटोकॅड, म्हणजे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर, सुरू झालं आणि एका रविवारी भाची लॅपटॉप घेऊन आमच्या घरी आली. दोन खोल्यांचं घर, बाहेर पडवी, एवढाच नकाशा होता. ती भिंतीजवळ झूम करायची आणि निळं चक्र फिरत बसायचं, मग एकदम तीन-चार पावलं पुढं उडी, भिंत दुसरीकडंच. मामा, माझं चुकायलंय काय बघा की, असं ती म्हणाली, आणि खरं सांगतो साहेब, तेच वाक्य मला लागलं. पोरगी स्वतःला दोष द्यायली होती.

मी आपला सवयीनं खाली हात लावून बघितला, गरम. मग तिनं विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडून दाखवला, त्यात प्रोसेसरच्या स्पीडचा आकडा असतो. ड्रॉइंग उघडताना २.७ दिसला, थोडा वेळ तिथं राहिला, मग २ झाला, मग १.४, आणि तिथंच खाली घुटमळायला लागला. माझ्या टेबलावर अँपिअरमीटरचा काटा बघतोय असंच वाटलं. लोड आहे, गरम झालंय, म्हणून मशीन स्वतःच मागं सरायलंय. हे मी रोज बघतो, मग मला कळायला वेळ लागला नाही की इथं पण कुठंतरी दोन आकडे असणार आणि पट्टीवर एकच लिहिलाय.

आमच्या धंद्यात प्रत्येक मोटरीला पत्र्याची नेमप्लेट असते. एचपी, आरपीएम (मिनिटाला फेरे), व्होल्ट, अँपिअर आणि कोपऱ्यात ड्यूटी, म्हणजे किती वेळ चालवायची ते. एस वन लिहिलं असेल तर मोटर दिवसभर फुल लोडवर चालवा, एस टू असेल तर ठरलेली मिनिटंच, मग थंड होऊ द्यायची. एस टूची मोटर विहिरीवर दिवसभर चालवली तर वायंडिंग जळून वास सुटणारच, त्यात मोटरीचा काय दोष, ज्यानं ती तिथं लावली त्याचा दोष. मी ती मोटर आणणाऱ्या शेतकऱ्याला आधी नेमप्लेट दाखवतो आणि मगच पैशाचं बोलतो.

तर भाचीच्या लॅपटॉपच्या सेटिंगमधनं पूरं नाव काढलं. इंटेल सेलेरॉन एन४०२०. हे नाव कंपनीच्या साइटवर टाकलं की पूर्ण पान उघडतं, कायच लपवलेलं नाही. २०१९ च्या शेवटी आलेली चिप, कोअर दोन, बेस (कायमची चाल) १.१ गिगाहर्ट्झ, बर्स्ट (थोड्या वेळची उसळी) २.८ गिगाहर्ट्झ, टीडीपी (उष्णतेचा आकडा, खाली सांगतो) ६ वॅट, रॅम जास्तीत जास्त ८ जीबी. म्हणजे २.८ हा आकडा खोटा नव्हता, तो एस टूचा आकडा होता. थोडा वेळ, थंड असताना, अंगात येईल तेवढं पळणं. आणि ६ वॅट हे त्या १.१ च्या चालीवरचं आहे, बर्स्टला गेली की चिप त्याच्यापेक्षा जास्त खाते आणि तेवढी उष्णता पातळ लॅपटॉपच्या अंगातनं बाहेर जात नाही. चोर्ला घाटात गाडी पहिल्या वळणाला जोरात चढते, पण वरपर्यंत तशीच दाबून धरली तर टेंपरेचरचा काटा कुठं जातो ते आपल्याकडच्या सगळ्या ड्रायव्हर लोकांना माहीत आहे.

टीडीपीचा अर्थ बरेच लोक वीजबिल असा घेतात, तो तसा नाही. अमुक एक जड काम बेसच्या चालीवर सगळे कोअर करत असताना सरासरी किती उष्णता काढून टाकायला लागेल त्याचा तो आकडा आहे, म्हणजे मुळात थंड करायची सोय किती करायची ते सांगणारा. लॅपटॉप बनवणारी कंपनी त्यावरनं ठरवते की पंखा द्यायचा की नुसता पत्रा.

आता कोणी म्हणेल, मग बेस बघून घ्यायचं, झालं. तसंही नाही, आणि इथं मी स्वतः पहिल्यांदा फसलो होतो. इंटेलचाच कोअर आय३-१२१५यू बघा, त्याच्या मोठ्या कोअरचा बेस १.२ गिगाहर्ट्झ आहे. १.१ आणि १.२, पट्टीवर लिहिलं तर कोणी म्हणेल सारखेच. पण १४४० आरपीएमची अर्धा एचपीची मोटर पण फिरते आणि १४४० आरपीएमची पाच एचपीची पण फिरते, चाकं सारखीच फिरतात, पाणी सारखं उचलतात काय? गिगाहर्ट्झ म्हणजे नुसतं आरपीएम. एका फेऱ्यात किती काम होतं ते कोअरच्या बनावटीवर असतं, आणि आय३-१२१५यू मध्ये दोन मोठे आणि चार छोटे असे सहा कोअर आहेत. शिवाय त्याच्या पानावर कंपनीनं वॅटचे दोन आकडे दिलेत, बेस पॉवर १५ वॅट आणि जास्तीत जास्त टर्बोला, म्हणजे उसळीला, ५५ वॅट. मला हे फार आवडलं, चालू लोड आणि उसळीचा लोड वेगळे लिहिले, नेमप्लेटसारखे.

एएमडीचं पण एक सांगतो कारण दुकानात त्याचं नाव बरंच घेतात. रायझन ३ ७३२०यू हा २०२२ चा, ४ कोअर, १५ वॅट, बेस २.४ आणि वरचा आकडा ४.१. नावात पहिला ७ बघून माणसाला वाटतं एकदम नवीन बनावट. पण त्या नंबरातला तिसरा आकडा बनावट सांगतो, तो २ आहे, म्हणजे झेन २ नावाची बनावट, जी पहिल्यांदा २०१९ ला आली. चिप वाईट आहे असं मी म्हणत नाही, किंमत बरोबर असेल तर चांगलीच आहे, पण नंबर वाचायचा कसा ते माहीत पाहिजे. आणि शेवटी यू अक्षर असेल तर कमी विजेची, एच असेल तर जास्त वॅटची, एवढं तरी बघा.

रॅम आणि डिस्कबद्दल थोडक्यात. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते असं मायक्रोसॉफ्टच सांगते, म्हणजे भाचीचा लॅपटॉप पहिल्या दिवसापासनंच काठावर उभा होता. वर ती ६४ जीबी ईएमएमसी, म्हणजे स्वस्तातली हळू डिस्क, जलद एसएसडी नव्हे, आणि रॅम बोर्डावर चिकटवलेली, वाढवता येत नाही. आणि ऑटोकॅड २०२३ च्या अटीत रॅम कमीत कमी ८ जीबी आणि प्रोसेसरचा आकडा लिहिताना पुढं बेस असं स्पष्ट लिहिलंय, कमीत कमी २.५ ते २.९. ज्यानं सॉफ्टवेअर बनवलं त्याला माहीत आहे की चालू लोडचा आकडा विचारायचा असतो, दुकानदारानं मात्र उसळीचा सांगितला.

एवढं वाचून कमी विजेचे प्रोसेसर घेऊच नका असं मी सांगतोय असं कोणाला वाटेल, तर तसं अजिबात नाही, उलट आहे. बहिणीच्या गावात एक वाचनालय आहे, तिथं पोरं फॉर्म भरायला, शेतकरी उतारा बघायला येतात. पावसाळ्यात तिकडं झाडं पडून लाईट गेली की कधी येईल ते सांगता येत नाही, आणि तिथला जुना डेस्कटॉप इन्व्हर्टरवर लावला की संध्याकाळी बॅटरी बसायची. हे सगळं शिकल्यावर मीच कमिटीला सांगून तिथं इंटेल एन१०० चा छोटा डबा घ्यायला लावला, ८ जीबी रॅम, एसएसडी, दोन्ही हाताच्या ओंजळीत मावेल एवढा. ही चिप पण ६ वॅटचीच, पण २०२३ ची, ४ कोअर, रॅम १६ जीबीपर्यंत. म्हणजे वॅट तेवढेच आणि मशीन वेगळंच, म्हणून नुसतं ६ वॅट लिहून पण काय कळत नाही.

मी प्लगला मीटर लावून बघितला. जुना डेस्कटॉप साधं काम करताना नुसता डबाच ७० वॅटच्या आसपास खात होता, नवीन १० च्या आसपास, मॉनिटर दोन्हीला तोच, २० वॅट. बॅटरी १२ व्होल्ट १५० एएच, म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास, त्यातली निम्मीच वापरायची धरली तर ९०० राहतात. ९० वॅटला भागा, १० तास. ३० वॅटला भागा, ३० तास. इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, ट्यूब आणि पंखा असतो, त्यामुळं प्रत्यक्षात एवढं मिळत नाही, पण फरक तिपटीचा आहे आणि तो दिसतो. मागच्या पावसात सकाळी गेलेली लाईट रात्रीपर्यंत नव्हती, तरी पोरांचे फॉर्म भरून झाले. डब्याला पंख्याचा आवाज पण नाही, वाचनालयात तेही बरं.

त्या कामाला ती चिप बरोबर आहे आणि भाचीच्या कामाला तिची चिप चूक होती, फरक एवढाच. पण तो फरक बहिणीला कोण सांगणार होतं? खोक्यावर सगळं इंग्रजीत, दुकानातली पोरं कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही बोलतात पण तिन्हीत एकच आकडा सांगतात. ती दहावीपर्यंत शिकलेली बाई आहे, म्हैस घेताना ती दात बघते, कास बघते, दोन वेळचं दूध स्वतः समोर काढून बघते. तिला विचारायचं काय हे कळलं असतं तर तिनं नक्की विचारलं असतं. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये वस्तूची क्वालिटी, क्षमता याची माहिती मिळण्याचा हक्क लिहिलेला आहे, पण तो वापरायला आधी प्रश्न तरी तोंडात यायला पाहिजे.

म्हणून दोन विनंत्या. बेळगावातल्या दुकानदार बंधूंना, पट्टीवर नुसतं ड्युअल कोअर किंवा आय३ लिहू नका, प्रोसेसरचं पूरं मॉडेल नाव लिहा, शेवटच्या अक्षरासकट, आणि गिगाहर्ट्झ लिहायचेच असतील तर बेस आणि टर्बो दोन्ही लिहा. पट्टीवर एक ओळ वाढेल. तुमच्यातले बरेच जण विचारलं तर नीट सांगतात हे मी बघितलंय, माझं म्हणणं न विचारणाऱ्यासाठी आहे. आणि संपादक साहेब, तुम्हाला विनंती की ॲडमिशनच्या दिवसांत तुम्ही कॉलेजांच्या याद्या, कटऑफ छापता, त्याच पानावर एक चौकट मराठीत द्या की पूरं मॉडेल नाव कुठं बघायचं, कंपनीच्या साइटवर ते टाकल्यावर काय काय वाचायचं आणि कुठल्या कोर्सला साधारण केवढं मशीन लागतं. आपल्याकडं पेपर अजून घरात सगळ्यांच्या हातात फिरतो, आईच्या पण हातात जातो.

भाची आता ड्रॉइंग कॉलेजच्या लॅबमध्ये काढते आणि घरचा लॅपटॉप नोट्सला वापरते, दुसरा घेण्याइतके पैसे या वर्षी नाहीत. तिनंच एका कागदावर मराठीत आणि खाली कन्नडमध्ये लिहून दिलंय, मॉडेल नाव, कोअर, बेस, टर्बो, वॅट, कुठल्या वर्षाची चिप, रॅम वाढते काय, डिस्क एसएसडी आहे काय. तो कागद मी माझ्या दुकानाच्या दारावर चिकटवलाय, मोटर दुरुस्तीला घेऊन आलेले लोक उभं राहून वाचतात आणि मोबाईलमध्ये फोटो काढून नेतात. चौकटीसाठी उपयोग होणार असेल तर त्याची एक प्रत या पत्रासोबत जोडलीय.

आपला नम्र,
एक मोटर वायंडर, उद्यमबाग, बेळगाव