सूचना: माळ्यावरचे रॅकून

न्यू जर्सीतील सर्व सभासदांस,

वसंतात रॅकूनना (रात्री फिरणारा, तोंडावर काळा पट्टा असलेला जंगली प्राणी) पिल्लं होतात. माळ्यावर खुडबुड ऐकली की लगेच भोक बुजवू नका. पिल्लं आत राहिली तर आई छप्पर उचकटते, नाहीतर ती आत मरतात. आधी भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबा. हवा चांगली असताना सलग ३ रात्री तो हलला नाही, म्हणजे आत कोणी नाही, तरच अर्ध्या इंची छिद्रांची, १६ गेज जाडीच्या तारेची गॅल्व्हनाइज्ड (गंजू नये म्हणून जस्त चढवलेली) जाळी स्क्रू-वॉशरने बसवा. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ते सहज फाडतात. चिमणीला टोपी हवीच.

कचऱ्याचा डबा सकाळीच बाहेर काढा, झाकणाला पट्टा लावा. हिरवळ उलथलेली दिसली तर ते हुमणी (मातीतल्या पांढऱ्या अळ्या) शोधतायत. बंदोबस्त हुमणीचा करा. रॅकून पळवायला डांबरगोळ्यांवर पैसे घालवू नका.

डेकवर किंवा लाकडांच्या ढिगावर विष्ठा दिसली तर ताजी असतानाच, हातमोजे आणि मास्क घालून उचला. त्यातल्या जंतांची अंडी २ ते ४ आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि ब्लीचने मरत नाहीत. जागेवर उकळतं पाणी ओता. मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

लडखडणाऱ्या रॅकूनजवळ जाऊ नका, टाउनशिपच्या अॅनिमल कंट्रोलला कळवा.