रेंज फुल्ल, तरी नेट का रखडतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अकरावीचे प्रवेश, शिष्यवृत्तीचे अर्ज, ई-केवायसी, पीक पाहणी ही सगळी कामं आता मोबाइलवर आली आहेत. त्यामुळे ‘नेट स्लो आहे’ ही तक्रार करमणुकीपुरती राहिलेली नाही. पण त्यावर उपाय म्हणून लोक आणखी एक रिचार्ज मारतात, ‘बूस्टर’ नावाचं अ‍ॅप टाकतात, नाहीतर थेट नवा फोन घेतात. यातले बरेच पैसे वाया जातात, कारण नेट नेमकं कशामुळे रखडलं हे कुणी पाहतच नाही. ते पाहायला दहा मिनिटं पुरतात.

सर्वांत आधी रोजचा डेटा शिल्लक आहे का ते कंपनीच्या अ‍ॅपमध्ये पाहावं. ‘रोज १.५ जीबी’ किंवा ‘रोज २ जीबी’ प्रकारच्या प्लॅनमध्ये कोटा संपला की नेट बंद पडत नाही, वेग बहुधा ६४ केबीपीएसवर येतो. या वेगाने २ एमबीचा एक फोटो अपलोड व्हायला चार मिनिटांहून जास्त लागतात. ग्राहकाला वाटतं टॉवर खराब आहे. ज्यांच्या प्लॅनमध्ये ५जी अमर्याद आहे त्यांचीही इथे फसगत होते. फोन घरात ४जीवर उतरला की तो वापर रोजच्या कोट्यातून जातो आणि दुपारपर्यंत कोटा संपतो. आपण हातही न लावता कोटा खाणाऱ्या दोन गोष्टी हमखास सापडतात. एक, व्हॉट्सअ‍ॅपवरच्या ग्रुपचे व्हिडिओ आपोआप उतरणं. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज आणि डेटा’मध्ये जाऊन ‘मोबाइल डेटा वापरताना’ याखालच्या सगळ्या खुणा काढाव्यात. दुसरी, गुगल फोटोजचा बॅकअप. तो फक्त वायफायवर ठेवावा. प्ले स्टोअरचे अपडेटही तसेच.

कोटा शिल्लक असेल तर रेंज तपासायची, पण फोनच्या डोक्यावरच्या दांड्यांवर विश्वास ठेवून नाही. किती सिग्नलला किती दांड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनीचा फोन आपापल्या हिशेबाने ठरवतो. खरा आकडा अँड्रॉइडमध्ये सेटिंग्ज, अबाउट फोन, सिम स्टेटस या वाटेने मिळतो (काही फोनमध्ये मधे ‘स्टेटस’ नावाचं आणखी एक पान लागतं). तिथे ‘सिग्नल स्ट्रेंग्थ’समोर –९६ डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) असं काहीतरी दिसेल. आकडा उणे असल्यामुळे शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीवर –९०च्या आत असेल तर उत्तम, –१०५पर्यंत काम चालतं, –११५च्या पलीकडे पान उघडताना चाक फिरत राहतं. दर १० डीबीएमला सिग्नलची ताकद दहापटीने बदलते. म्हणजे दारात –९६ आणि मागच्या खोलीत –११६ असेल, तर मागच्या खोलीत पोचणारा सिग्नल दाराच्या शंभराव्या हिश्शाइतकाच आहे. स्लॅब, पत्र्याचं छत आणि धातूचा थर दिलेल्या काचा हा सिग्नल गिळतात. २३०० मेगाहर्ट्झसारख्या वरच्या लहरी भिंतीत लवकर अडतात, ८५० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या त्या मानाने आत शिरतात. म्हणून एकाच घरात एका कंपनीचं कार्ड चालतं आणि दुसऱ्याचं चालत नाही. अशा वेळी फोन बदलून फारसा उपयोग नाही. फोन खिडकीत ठेवून हॉटस्पॉट सुरू करावा आणि दुसऱ्या फोनवर आत बसून काम करावं.

आकडा –८५ आहे आणि तरीही नेट चालत नाही, हा प्रकार शहरात जास्त. इथे दोष रेंजचा नसून गर्दीचा असतो. टॉवरच्या एका बाजूची क्षमता त्या पट्ट्यातले सगळे ग्राहक वाटून घेतात. रात्री नऊच्या सुमाराला घरोघरी व्हिडिओ सुरू झाले की प्रत्येकाच्या वाट्याला थोडंथोडंच येतं. खात्री करायची तर ट्रायच्या (दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या) ‘मायस्पीड’ अ‍ॅपने एकाच जागी, एकदा रात्री नऊला आणि एकदा पहाटे सहाला वेग मोजावा. पहाटे २५ एमबीपीएस आणि रात्री १ असेल, तर फोनच्या सेटिंगमध्ये कितीही खुडबुड केली तरी फरक पडणार नाही. ५जीवर वेग मोजताना एका चाचणीत शेकडो एमबी जाऊ शकतात, तेव्हा उगाच दहादा मोजू नये. शेवटच्या तारखेला फक्त सरकारी संकेतस्थळच उघडत नसेल आणि बाकी सगळं चालत असेल, तर अडचण त्यांच्या सर्व्हरवर आहे. अर्ज पहाटे भरावा.

फोन आल्यावर नेट थांबत असेल तर व्होल्टीइ, म्हणजे ४जीवरूनच कॉल करण्याची सोय, बंद आहे का ते पाहावं. ते बंद असताना कॉल लागला की फोन ४जी सोडून खाली उतरतो. अनेक ठिकाणी ३जी बंद झाल्यामुळे थेट २जीवर जातो, वर ‘ई’ दिसू लागतं आणि कॉल संपल्यावरही परत चढायला वेळ घेतो. सिमच्या सेटिंगमध्ये व्होल्टीइ चालू केलं की हा त्रास बहुधा जातो. ५जीच्या हद्दीवर राहणाऱ्यांचा फोन सारखा ५जी-४जी अशी ये-जा करतो. त्यात वेगही तुटतो आणि बॅटरीही. त्यांनी ‘प्रेफर्ड नेटवर्क’ ४जीवर ठेवून पाहावं. दोन सिम असतील तर डेटा नेमका कोणत्या सिमवर आहे तेही तपासावं. एवढं करूनही अडलं तर विमान मोड पंधरा सेकंद लावून काढावा, म्हणजे फोन टॉवर नव्याने शोधतो. ‘रीसेट नेटवर्क सेटिंग्ज’ सर्वांत शेवटी, कारण त्यात वायफायचे सगळे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या पुसल्या जातात.

बूस्टर अ‍ॅपबद्दल स्पष्ट लिहायला हवं. टॉवरकडून येणारा वेग वाढवण्याची ताकद कोणत्याही अ‍ॅपमध्ये नाही. ही अ‍ॅप जाहिराती दाखवतात, म्हणजे उलट आपलाच डेटा खातात. काही तर व्हीपीएनची परवानगी मागतात, म्हणजे आपली सगळी वाहतूक परक्या सर्व्हरवरून जाते. त्याहून घातक म्हणजे गच्चीवर अँटेना लावून बसवला जाणारा रिपीटर, म्हणजे सिग्नल वाढवून देणारं यंत्र. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहेच, शिवाय तो टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि एका घरापायी अख्ख्या गल्लीचं नेट आणि कॉल बिघडतात. गृहनिर्माण संस्थांनी असे रिपीटर आपल्या इमारतीवर बसू देऊ नयेत.

दोष टॉवरचा निघाला तर तक्रार १९८ वर करावी. ‘नेट स्लो आहे’ एवढंच सांगितलं तर ‘हँडसेट रीस्टार्ट करा’ हेच ऐकावं लागतं. जागा, वेळ, डीबीएमचा आकडा आणि मोजलेला वेग सांगावा, डॉकेट क्रमांक (तक्रारीचा नोंद क्रमांक) लिहून घ्यावा. २०२३ पासून ब्रॉडबँड म्हणवून घ्यायला किमान २ एमबीपीएस वेग लागतो, हे लक्षात असू द्यावं. निकाल पटला नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. ट्राय एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे आधी तिकडे पत्र पाठवून वेळ घालवू नये. कंपनी बदलायची असेल तर आधी शेजाऱ्याचं त्या कंपनीचं कार्ड आपल्या घरात, रात्री नऊला चालवून पाहावं आणि मगच १९०० वर ‘पोर्ट’चा (नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याचा) संदेश पाठवावा.

२०२४ च्या नियमांनुसार कंपन्यांना आपल्या संकेतस्थळावर रेंजचे नकाशे द्यावे लागतात. ते जरूर पाहावेत. पण रेंज कुठवर पोचते एवढंच त्यात कळतं, रात्री नऊला त्या टॉवरवर किती गर्दी असते ते कळत नाही. ग्राहक पैसे मोजतो ते चालणाऱ्या नेटचे. गर्दीच्या वेळचा प्रत्यक्ष वेगही तालुकावार आणि वॉर्डवार जाहीर करणं ट्रायने कंपन्यांना बंधनकारक करावं, आणि ही मागणी ग्राहक संघटनांनी व आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी लावून धरावी, ही विनंती.

आपला,
एक मोबाइल दुरुस्ती व्यावसायिक, बार्शी